रद्दी, कात्री आणि हाताचे मोल



वसंत ऋतूतील या व्याख्यानांत साहित्य, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांची परंपरा आहे. तेथे कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याने उभे राहावे आणि रद्दीवर बोलावे, याचे काहींना हसू येईल. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा ‘किमान वेतन’ किंवा ‘कंत्राटी कामगार’ असे काहीतरी येईल अशी त्यांची समजूत असावी. पण जुन्या मासिकांचे आणि कात्रणांचे काय करावे हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाच्या माळ्यावर पडून आहे. आणि त्याच्या उत्तरात किमान वेतनही येते, हे शेवटी आपल्या ध्यानात येईल अशी आशा आहे.

ठाणे, कल्याण, डोंबिवली ही वाचणाऱ्यांची गावे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली निघाले, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली. का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ साली काढला, तेव्हापासून दिवाळीला फराळाबरोबर अंक घेण्याची आपल्याला सवय लागली. अंक येतात, वाचून होतात आणि पलंगाखाली जातात. मग एखाद्या रविवारी रद्दीवाला हाक देतो, तराजू लटकतो आणि वर्षभराचे वाङ्मय किलोच्या भावाने जिना उतरते. या दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे वाचून झाल्यावर आणि तराजूत पडण्यापूर्वी, घरच्या घरी काय करता येईल, हा आजचा विषय.

रद्दीशी माझे नाते जुने आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा होतो. वडील गिरणीत होते. पगार थांबला तशी आईने वाण्याच्या दुकानासाठी कागदी पिशव्या करायला घेतल्या. रद्दी दुकानातून यायची, खळ घरी शिजायची आणि शेकड्यावर पैसे मिळायचे. पाने घडी करून देणे हे माझे काम. शाळा सुटली ती तेव्हाच. पण वाचन सुटले नाही, कारण घडी घालता घालता मी पान वाचत असे. एकदा एका मासिकातला गोदी कामगारांवरचा लेख अर्ध्यावर तुटला. पुढचे पान आदल्या दिवशीच पिशवी होऊन गेले होते. तो अंक शोधण्यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयाची पायरी चढलो. पुढचे माझे सगळे शिक्षण त्या पायरीवरून झाले. म्हणून पहिली सूचना अशी की, कात्री हातात घेण्यापूर्वी पान वाचावे. अंक अखंड असेल आणि वाचनालयाला हवा असेल, तर तो कापूच नये.

कागदाची जात ओळखणे

फिटर जसा आधी धातू ओळखतो, तसा आपण आधी कागद ओळखावा. आपल्याकडे येणारा छापील कागद ढोबळपणे दोन जातींचा असतो. एक वर्तमानपत्राचा. तो लाकूड दळून केलेल्या लगद्याचा असतो. लाकडातले लिग्निन नावाचे द्रव्य त्यात राहते, म्हणून तो उन्हात आणि हवेत पिवळा पडतो व कडकडीत होतो. मात्र तो पाणी आणि खळ चटकन पितो. दुसरा रंगीत मासिकाचा गुळगुळीत कागद. त्याच्यावर पांढऱ्या चिनी मातीचा थर दिलेला असतो. त्यामुळे चित्र झळकते, पण खळ वरच्या वर राहते आणि घडीवर थर तडकतो. म्हणून लगद्याला वर्तमानपत्र घ्यावे. मणी, नळ्या आणि चित्रकाम यांना मासिक घ्यावे.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. यंत्रावर केलेल्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने निजलेले असतात. पान एका बाजूने फाडून पाहा, ते सरळ रेघेत फाटेल; आडवे फाडून पाहा, ते वाकडेतिकडे जाईल. सरळ फाटते ती तंतूंची दिशा. त्या दिशेने घातलेली घडी स्वच्छ बसते. नळी करताना तिची लांबी या दिशेने ठेवावी, म्हणजे कागद विनातक्रार वळतो. वही बांधताना तंतू पाठीशी समांतर असावेत. नाहीतर खळ वाळल्यावर पाने लाटेसारखी उठतात. बुकबाइंडर हे डोळे मिटून करतो, आपण निदान डोळे उघडे ठेवून करावे.

खळ

बाजारात चिकटवण्याच्या नाना वस्तू मिळतात. तरी कागदाला मैद्याच्या खळीसारखा सोबती नाही. एक वाटी मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवावा. पाच वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात तो ओतावा आणि रंग दुधाळ सोडून काचेसारखा होईपर्यंत ढवळत राहावे. पुष्कळ दिवस टिकवायच्या वहीसाठी बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद टाकतात, म्हणजे कसर लागत नाही. पण मोरचूद विषारी आहे. मुले हाताळणार असतील तेथे तो वापरू नये, अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात कालवू नये आणि ते भांडे पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये.

प्लास्टिकची चिकटपट्टी मात्र होता होईल तो टाळावी. कागदाचे तंतू पुन्हा पुन्हा लगदा करून वापरता येतात. दर खेपेस ते तुटून आखूड होतात, तरीही पाच-सात फेऱ्या सहज निभतात. आपण केलेली वस्तू खळीची असेल, तर जुनी झाल्यावर ती रद्दीत जाऊन कारखान्यात परत लगदा होईल. प्लास्टिक चिकटवले किंवा वर जाड रोगण चढवले की ती वाट बंद.

काय काय करता येते

आता प्रत्यक्ष वस्तूंकडे वळू. सर्वांत सोपे म्हणजे मणी. मासिकाच्या रंगीत पानाच्या लांबट त्रिकोणी पट्ट्या कापाव्यात. पाया एक इंच, लांबी दहा-अकरा इंच. रुंद टोक विणकामाच्या सुईवर किंवा सायकलच्या चाकाच्या तारेवर धरून घट्ट गुंडाळत जावे आणि अखेरच्या टोकाला खळीचा थेंब लावावा. मध्ये फुगीर आणि कडांना निमुळता असा मणी तयार होतो. कोणत्या चित्राचा कोणता रंग वर येईल हे आधी सांगता येत नाही, त्यातच मुलांना गंमत वाटते.

त्याच तारेवर पान तिरके गुंडाळले की लांब नळी होते. एका नळीच्या तोंडात दुसरी खुपसून लांबी वाढवावी. बुरूड बांबूच्या कामट्यांची टोपली विणतो, तशी या नळ्यांची टोपली विणता येते. ती वजनाला हलकी आणि घडणीला चिवट होते. वर खळीचा पातळ हात दिला की कोरड्या वस्तूंसाठी वर्षानुवर्षे चालते.

लगद्याची टोपली आपल्या आज्या करीत. वर्तमानपत्राचे तुकडे हाताने फाडावेत, कात्रीने कापू नयेत. फाडल्याने तंतू लांब राहतात. ते रात्रभर भिजत घालावेत, सकाळी पिळून कुटावेत आणि भिजवून वाटलेली मेथी त्यात मळावी. मेथीने लगद्याला चिकटपणा येतो. घागर पालथी घालून तिच्यावर बोटभर जाडीचा थर द्यावा, वाळला की अलगद उतरवावा.

या कामाला कोणी मुलांचा खेळ समजू नये. काश्मीरमधील कागदी लगद्याच्या पेट्या आणि तबके जगभर गेली आहेत. तितके लांब जायलाही नको. जव्हार-मोखाडा हा भाग १ ऑगस्ट २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता, आज तो पालघर जिल्ह्यात आहे. तेथल्या आदिवासी गावांत उन्हाळ्याच्या दिवसांत बोहाडा होतो. देवांची, राक्षसांची, प्राण्यांची सोंगे मोठमोठे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर नाचतात. हे मुखवटे लाकडाचे असतात तसे कागदाच्या लगद्याचेही असतात. लगद्याचा मुखवटा लाकडापेक्षा हलका, म्हणून नाचणाऱ्याच्या मानेला सोसतो. शहरात वाचून टाकलेला कागद तेथे देवाचा चेहरा होतो. लगद्याच्या मूर्ती मात्र तलावात किंवा खाडीत सोडू नयेत. कागद कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो आणि शाईही पाण्यात उतरते. मासुंद्याच्या काठी राहणाऱ्यांना हे अधिक सांगायला नको.

चित्रांच्या तुकड्यांतून नवे चित्र जुळवणे, म्हणजे कोलाज, हाही मोठा उद्योग आहे. जर्मनीत हॅनोव्हर शहरी कुर्ट श्विटर्स नावाचा चित्रकार होऊन गेला. पहिल्या महायुद्धानंतर देश मोडून पडला होता. तेव्हा हा गृहस्थ रस्त्यावरची ट्रामची तिकिटे, फाटक्या जाहिराती, वेष्टणे गोळा करून चित्रांत चिकटवू लागला. १९१९ साली एका चित्रात व्यापारवाचक जर्मन शब्दाचा अर्धाच तुकडा आला, ‘मेर्त्स’. तेच नाव त्याने आपल्या साऱ्या कलेला दिले. रेल्वेचे पुठ्ठ्याचे जुने तिकीट ज्यांनी वहीत जपले असेल, त्यांना श्विटर्स परका वाटणार नाही. मुलांना कार्यानुभवाच्या तासाला तयार आकृत्या देण्यापेक्षा सांगावे, ‘तुझ्या स्टेशनावरची सकाळ या तुकड्यांतून कर.’ मग पाहा त्यांना काय काय दिसते ते.

कात्रणवही

माझ्या मते सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे कात्रणवही. तिचे नियम थोडे आहेत, पण ते पाळले पाहिजेत. कात्रण काढताच त्याच्या कडेला पेन्सिलीने वर्तमानपत्राचे नाव, आवृत्ती, तारीख आणि पान लिहावे. तारीख नसलेले कात्रण म्हणजे बाप नसलेली बातमी. सबंध पाठीला खळ फासू नये, फक्त वरच्या कडेला लावावी, म्हणजे मागची बाजूही वाचता येते. वर्तमानपत्राच्या कागदाचा डाग शेजारच्या पानावर उमटतो, म्हणून मध्ये कोरा चांगला कागद घालावा. फार महत्त्वाच्या कात्रणाची झेरॉक्स काढून ठेवावी. न्यायालयात नुसती वर्तमानपत्रातली बातमी पुरावा ठरत नाही, हेही ध्यानात असावे. पण मूळ कागद कोठे शोधायचा हे ती सांगते.

आमच्या संघटनेच्या कचेरीत कारखान्यांतील अपघातांची एक वही आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी स्फोट झाला, पुन्हा २३ मे २०२४ रोजी झाला. वर्तमानपत्रात या दोन बातम्यांमध्ये आठ वर्षे आहेत. वहीत त्या समोरासमोरच्या पानांवर आहेत. एकेकटी वाचली तर प्रत्येक बातमी दुर्दैवाची वाटते. शेजारी वाचली की मधल्या आठ वर्षांत काय केले, असा प्रश्न उभा राहतो. गेट मीटिंगला ती दोन पाने मी फळ्यावर लावतो. ज्याला लांब लेख वाचायचा कंटाळा आहे, तोही त्यांच्यापुढे थांबतो.

आणखी एक हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या पट्ट्यातील एक कारखाना बंद पडून अवसायनात गेला. कामगार पांगले, कोणी मुरबाडला, कोणी कोकणात, कोणी रिक्षा चालवू लागला. १९८५ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा वेळी कामगारांच्या देण्यांना तारण घेऊन कर्ज देणाऱ्यांच्या बरोबरीचे स्थान मिळाले. पण दावा तर दाखल करायला हवा! आणि त्याची सूचना छापून येते ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, मुंगीच्या अक्षरांत. ती आम्हा कोणाच्याही नजरेस पडली नाही. मी स्वतः त्या दिवशीचे वर्तमानपत्र वाचले होते, आणि तरीही पडली नाही.

त्या कामगारांपैकी एकाची पत्नी घरी पिशव्या करीत असे. तीन आठवड्यांची जुनी रद्दी, पान घडीला आले आणि तिला कारखान्याचे नाव दिसले. तिने खळ लावली नाही. पान तसेच घेऊन ती रात्री नऊ वाजता माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, ‘भाऊ, हे आमचंच आहे का?’ मुदतीचे नऊ दिवस उरले होते. त्या नऊ दिवसांत आम्ही बदलापूरपासून ठाण्यापर्यंत जिने झिजवले आणि गावोगाव निरोप धाडले. बहुतेकांचे दावे वेळेत गेले. काहींचे गेले नाहीत. उशिरा येणाऱ्याला न्यायालयाची वेगळी परवानगी काढावी लागते आणि त्या खेपा साऱ्यांनाच जमत नाहीत. ते पान आमच्या वहीत आहे. त्याच्यावर पिशवीच्या घडीची रेघ अजून दिसते.

हाताचे मोल

आता ज्या पिशवीने माझे घर एके काळी चालवले, तिचा हिशेब मांडून मी आवरते घेतो. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि कागदी पिशवीला पुन्हा मागणी आली. एक खबरदारी आधी सांगतो. छापील कागदाची पिशवी भजी-वड्याला किंवा कोणत्याही खाद्यपदार्थाला वापरू नये. छपाईची शाई अन्नात उतरते. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली तसा इशारा दिला आणि २०२३ साली पुन्हा दिला. माझ्या आईने केलेल्या पिशव्यांतून साखर आणि डाळ गेली, तेव्हा हे आम्हाला ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे. औषधे, पुस्तके, चपला, वह्या, कापड यांना ही पिशवी चांगली.

वर्तमानपत्राचे एक जोडपान साधारण १७ ग्रॅम भरते. म्हणजे किलोत सुमारे ६० जोडपाने आणि अर्ध्या जोडपानाची एक पिशवी धरली तर १२० पिशव्या. समजा, रद्दी १५ रुपये किलो मिळाली. सरावलेला हात तासाला ४० पिशव्या करतो असे धरू. म्हणजे १२० पिशव्यांना तीन तास. तासाची मजुरी ६० रुपये धरली, तर श्रमाचे १८० रुपये झाले. कागद १५ रुपयांचा, श्रम १८० रुपयांचे! आता या पिशव्या करून घेणारा शेकडा ४० रुपये देत असेल, तर तीन तासांचे ४८ रुपये हाती पडले, म्हणजे तासाला १६. बाकीचे १३२ रुपये कोठे गेले? ते त्या बाईने समाजाला उधार दिले, आणि ही उधारी परत येत नाही.

मंडळी, ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग आपल्याला फार आवडतो. त्यात एक चूक आहे. टाकाऊ वस्तू आपणहून टिकाऊ होत नाही; मध्ये कोणाचे तरी हात लागतात. कागद रद्दीचा आहे म्हणून आपण हातही रद्दीच्या भावाने मोजू लागतो. छंद म्हणून जो मणी करतो, त्याने आनंदाने करावा, त्याला दर लावण्याचे कारण नाही. पण जिची चूल त्यावर पेटते, तिचे काम छंद नव्हे. घरी बसून काम करणाऱ्यांनाही इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. तोवर जे आपल्या हाती आहे ते करावे.

ते अवघड नाही. आमच्या भागातील काही बायकांनी एका दुपारी घड्याळ लावून पिशव्या केल्या, तास मोजला, खर्च लिहिला आणि दर ठरवला. त्या दराखाली कोणी काम घ्यायचे नाही, एवढाच ठराव. पहिल्या महिन्यात दोन दुकाने गेली, पुढे एक परत आले. मोठा विजय नव्हे. पण त्या बायका आता ‘शेकड्याला काय देता’ असे विचारीत नाहीत, ‘शेकड्याला एवढे लागतात’ असे सांगतात.

तेव्हा उद्या सकाळी पलंगाखालचा गठ्ठा बाहेर काढावा. अखंड अंक वाचनालयाला विचारून पाहावेत. जपण्याजोगे कापावे, तारीख घालून वहीत लावावे. रंगीत पाने मुलांपुढे टाकावीत, वर्तमानपत्रे भिजत घालावीत. आणि पुढच्या वेळी दुकानात कागदी पिशवी हातात आली, तर ती एकदा उलटून पाहावी. तिच्या तळाची घडी कोणीतरी घातलेली आहे. तिचा दर काय, हे दुकानदाराला विचारायला हरकत नाही.